विश्लेषण : समुद्रापासून शेकडो किलोमीटरवर समुद्रपुष्प कसे जगवावे?

गोव्यात ज्याच्या घरी खाऱ्या पाण्याचे मत्स्यालय आहे, त्याला समुद्र हाकेच्या अंतरावर आहे. मध्य प्रदेशातील पांढुर्णा आणि सौंसर या मराठीभाषक भागाची स्थिती याच्या नेमकी उलट आहे. 2023 मध्ये छिंदवाड्यातून वेगळा होऊन पांढुर्णा जिल्हा अस्तित्वात आला. संत्र्याच्या बागा आणि पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीच्या पात्रात होणारी गोटमार ही या प्रदेशाची ओळख; समुद्र मात्र कोणत्याही दिशेने शेकडो किलोमीटर दूर. अशा ठिकाणी समुद्रपुष्प पाळायचे तर समुद्राचे पाणी घरीच तयार करावे लागते आणि दर आठवड्याला त्याचा काही भाग बदलावा लागतो. हे काम कशासाठी, किती आणि कसे करावे, आणि किनाऱ्यावरच्या हौशी पालकांनीही त्यातून काय घ्यावे, याचा हा आढावा.

समुद्रपुष्प म्हणजे काय?

इंग्रजीत ज्याला सी ॲनिमोन म्हणतात ते समुद्रपुष्प नावाने फूल असले, तरी तो प्राणी आहे. प्रवाळ आणि जेलीफिश हे त्याचे नातलग. त्याच्या शरीरात हाड नाही, कवच नाही. भोवतालचे पाणी आत घेऊन ते फुगते आणि तेच पाणी बाहेर टाकून आकसते. ज्या पाण्यात ते राहते, तेच त्याच्या शरीराला आकार देते. माशाला मूत्रपिंडे असतात, त्यामुळे पाण्याच्या खारेपणातील थोडाफार बदल तो सावरून घेतो. समुद्रपुष्पाकडे अशी इंद्रिये नाहीत. बाहेरचे पाणी अधिक खारट झाले की त्याच्या पेशींवर त्याचा थेट परिणाम होतो.

घरगुती मत्स्यालयांत ‘बबल-टिप’ ही उष्णकटिबंधीय जात अधिक आढळते. तिच्या स्पर्शकांत क्लाउनफिश आश्रय घेतो. तिच्या पेशींत सूक्ष्म शैवाल राहते आणि प्रकाशाच्या साहाय्याने अन्न तयार करून यजमानालाही पुरवते. पाणी फार तापले किंवा बिघडले, तर हे शैवाल नष्ट होते अथवा बाहेर फेकले जाते आणि समुद्रपुष्प पांढरे पडते. पांढरे समुद्रपुष्प अनेकांना सुंदर वाटते. वास्तविक ते उपासमारीचे लक्षण आहे.

पाणी बदलावे का लागते?

टाकीतील प्राण्यांची विष्ठा आणि उरलेले अन्न कुजून अमोनिया तयार होतो. वाळू व दगडांवर वाढणारे जिवाणू अमोनियाचे नायट्राइटमध्ये आणि नायट्राइटचे नायट्रेटमध्ये रूपांतर करतात. पहिली दोन द्रव्ये अल्प प्रमाणातही घातक असतात. नायट्रेट तुलनेने सौम्य असले तरी ते साचत जाते. ते कमी करण्याचा घरगुती उपाय म्हणजे जुने पाणी काढून नवे घालणे. सोबतच प्राण्यांनी वापरलेले कॅल्शियम, मॅग्नेशियम यांसारखे घटकही नव्या पाण्यातून परत मिळतात.

येथे साधा हिशेब उपयोगी पडतो. टाकीत दर आठवड्याला लिटरमागे 2 मिलिग्रॅम नायट्रेट तयार होत असेल आणि दर आठवड्याला दहा टक्के पाणी बदलले, तर काही महिन्यांनी नायट्रेटची पातळी 20 मिलिग्रॅमच्या आसपास स्थिरावते. वीस टक्के बदलले, तर ती 10 वर थांबते. दोन महिने काहीच न करता एके दिवशी अर्धे पाणी बदलले, तर नायट्रेट उतरते, परंतु खारेपणा, तापमान आणि आम्लता ही सारी एकाच वेळी हलतात. समुद्रपुष्पाला अशा अचानक बदलाचा मोठा धक्का बसतो. त्यामुळे थोडे पाणी पण ठरलेल्या दिवशी, हाच पाणी बदलण्याचा पाया आहे.

जुने उदाहरण काय सांगते?

स्कॉटलंडचे निसर्गअभ्यासक सर जॉन डॅलियल यांनी 1828 मध्ये एडिंबराजवळच्या किनाऱ्यावरून एक समुद्रपुष्प घरी आणले. पुढे ते ‘ग्रॅनी’ म्हणजे आजीबाई या नावाने प्रसिद्ध झाले. डॅलियल यांचे निधन झाल्यावरही एकामागून एक सांभाळकर्ते त्याला मिळत गेले आणि 1887 पर्यंत, म्हणजे 59 वर्षे, ते काचेच्या भांड्यात जगले. त्या काळी विजेचे पंप नव्हते, तपासणी संच नव्हते. भांड्यातील समुद्राचे पाणी नियमाने बदलले जाई, हीच मुख्य व्यवस्था होती. ती जात थंड किनाऱ्यावरची व काटक होती, ही गोष्ट खरी. तरीही हा प्राणी आपल्याबरोबर किती काळ राहू शकतो आणि ती जबाबदारी किती लांबते, हे या उदाहरणावरून ध्यानात येते.

पांढुर्णा-सौंसरच्या पाण्यात अडचण कोणती?

या प्रदेशाच्या भूगर्भात एकीकडे दख्खनचा काळा बेसाल्ट, तर दुसरीकडे संगमरवर आणि मँगनीजयुक्त प्राचीन खडक आहेत. भूशास्त्रात हा खडकसमूह ‘सौंसर’ याच नावाने ओळखला जातो. अशा खडकांतून झिरपलेले विहिरीचे किंवा बोअरचे पाणी कॅल्शियम व मॅग्नेशियमचे क्षार घेऊन येते. समुद्री मिठाचे तयार मिश्रण शुद्ध पाणी गृहीत धरून बनवलेले असते. जड पाण्यात ते मिसळले की घटकांचे प्रमाण बिघडते.

दुसरी अडचण शेतीशी निगडित आहे. शेतात दिलेल्या नत्रखताचा काही अंश नायट्रेटच्या रूपाने भूजलात उतरतो. भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्यात लिटरमागे 45 मिलिग्रॅमपर्यंत नायट्रेट चालते. समुद्रपुष्पाच्या टाकीत ते एक आकडी किंवा त्याच्या थोडे वर असावे, अशी अपेक्षा असते. माणसाला निर्धोक असलेले पाणी या प्राण्याला निर्धोक असेलच असे नाही, ते यामुळे. नव्या पाण्यातच 20 मिलिग्रॅम नायट्रेट असेल, तर कितीही वेळा पाणी बदलले तरी टाकीची पातळी त्याखाली जाणार नाही.

तिसरी गोष्ट तांब्याची. संत्र्याच्या बागेत बुरशीवर फवारल्या जाणाऱ्या बोर्डो मिश्रणात मोरचूद, म्हणजे तांब्याचा क्षार असतो. अपृष्ठवंशी प्राण्यांना तांबे अत्यल्प प्रमाणातही मारक ठरते. ज्या बादलीत किंवा पिंपात एकदा मोरचूद कालवले, ते धुऊनही मत्स्यालयासाठी वापरू नये. माशांच्या रोगांवरील काही औषधांतही तांबे असते. ती समुद्रपुष्प असलेल्या टाकीत टाकणे म्हणजे त्याचा जीव घेणेच होय. नळाच्या पाण्यातील क्लोरीनही तितकेच टाळायला हवे.

या सर्वांवर उपाय म्हणजे आरओ संयंत्रातून काढलेले पाणी, आणि शक्य असल्यास त्यापुढे आयन काढणारे रेझिन. स्वयंपाकघरातील अनेक आरओ यंत्रांत चवीसाठी क्षार पुन्हा मिसळण्याची सोय असते. ती बंद असावी. टीडीएस मीटरवर आकडा शून्याच्या जितका जवळ, तितके उत्तम.

खारे पाणी कसे तयार करावे?

स्वयंपाकाच्या मिठाने समुद्र होत नाही. समुद्रातील क्षारांपैकी वजनाने सुमारे 85 टक्के भाग सोडियम व क्लोराइड यांचा असतो. उरलेल्या भागात सल्फेट, मॅग्नेशियम, कॅल्शियम, पोटॅशियम आणि अनेक सूक्ष्म घटक येतात. या उरलेल्या भागाशिवाय समुद्रपुष्प जगू शकत नाही. म्हणून मत्स्यालयासाठीचे समुद्री मीठच घ्यावे.

खुल्या समुद्राच्या लिटरभर पाण्यात साधारण 35 ग्रॅम क्षार असतात. 200 लिटरच्या टाकीत दहा टक्के, म्हणजे 20 लिटर पाणी बदलायचे तर सुमारे 700 ग्रॅम मीठ लागते. पिशवीतील मिठात ओलावा असल्याने वजनावर विसंबू नये. रिफ्रॅक्टोमीटरने मोजून 35 ची पातळी गाठावी. हे उपकरणही अधूनमधून प्रमाणित द्रावणाने तपासावे लागते. आधी पाणी, मग त्यात थोडे थोडे मीठ, हा क्रम ठेवावा. मिठावर पाणी ओतल्यास काही घटक साका होऊन तळाशी बसतात. स्वतंत्र बादलीत लहान पंप लावून पाणी एक दिवस फिरते ठेवावे. प्राणी असलेल्या टाकीत कोरडे मीठ कधीही टाकू नये.

पाणी बदलण्याची रीत कोणती?

दिवस ठरलेला असावा. त्या दिवशी आधी टाकीचे आणि बादलीचे तापमान व खारेपणा मोजून दोन्ही जुळवून घ्यावेत. तापमान 24 ते 27 अंश सेल्सिअसच्या दरम्यान असणे इष्ट. पंप व हीटर बंद करून नळीने तळाचा गाळ ओढत पाणी काढावे. नळीचे तोंड समुद्रपुष्पापासून दूर धरावे. नवे पाणी सावकाश, कडेने, प्राण्यावर धार न पडेल असे सोडावे. त्यानंतर समुद्रपुष्प काही तास आकसलेले राहिले, तर घाबरण्याचे कारण नाही. मात्र दोन-तीन दिवस ते तसेच राहिले, तोंड उघडे पडले किंवा पायाची पकड सुटली, तर पाण्याची पुन्हा तपासणी करावी. मेलेले समुद्रपुष्प वेगाने विरघळून सारी टाकी बिघडवते. ते तत्काळ काढून मोठ्या प्रमाणात पाणी बदलणे हा एकच अपवाद. त्यासाठी तयार खाऱ्या पाण्याचा साठा घरात सदैव असावा.

उन्हाळ्यात काय होते?

मे महिन्यात या भागात पारा 40 अंशांच्या वर जातो. टाकी थंड ठेवण्यासाठी चिलर किंवा वातानुकूलन लागते. पंखा लावला तर पाणी थंड होते, पण बाष्पीभवन वाढते. वाफ होऊन जाते ते केवळ पाणी. मीठ मागेच राहते. 200 लिटरच्या टाकीतून पाच दिवसांत 20 लिटर पाणी उडाले, तर 35 चा खारेपणा जवळपास 39 होतो. ही घट भरून काढताना शुद्ध गोडे पाणीच घालावे. येथे खारे पाणी घातले तर मीठ साचत जाते, आणि हा गोंधळ नवख्यांच्या हातून सर्रास होतो. घट भरणे हे रोजचे काम, पाणी बदलणे हे आठवड्याचे. दोन्हींची पाणीही निराळी. वीज गेल्यास पाण्यातील प्राणवायू झपाट्याने घटतो, म्हणून बॅटरीवर चालणारा हवेचा पंप हाताशी हवा.

गोव्यात थेट समुद्राचे पाणी वापरावे का?

समुद्र जवळ असला म्हणून काम सुटत नाही. पावसाळ्यात मांडवी आणि जुवारी नद्यांतून येणाऱ्या पुराच्या पाण्याने मुखाजवळचा खारेपणा मोठ्या प्रमाणात घसरतो. जुलैमध्ये मिरामारला भरलेली बादली आणि जानेवारीत भरलेली बादली यांत फार अंतर असते. बंदर, नाले आणि बोटींच्या तेलाचा प्रश्न वेगळाच. किनाऱ्यावरचे पाणी वापरायचेच असेल, तर ते नदीमुखापासून दूरचे, गाळलेले आणि प्रत्येक वेळी मोजलेले असावे. पावसाळ्यात मात्र पांढुर्ण्याचीच रीत, म्हणजे शुद्ध पाणी व समुद्री मीठ, अधिक भरवशाची.

हणजूण, वागातोरच्या खडकांवरील डबक्यांतून समुद्रपुष्प उचलून आणणेही योग्य नाही. खडकावरून ओढताना त्याचा पाय फाटतो. प्रवाळांना तर 2001 पासून वन्यजीव संरक्षण कायद्याचे संरक्षण आहे. टाकी सजवण्यासाठी प्रवाळाचे जिवंत तुकडे किंवा त्यांचे दगड बाळगणे कायद्याच्या कक्षेत येऊ शकते.

मग पाळावे की नाही?

निर्णयापूर्वी पाण्याचा खर्च मोजायला हवा. 200 लिटरच्या टाकीला बदलासाठी 20 आणि उन्हाळ्यात घट भरण्यासाठी तितकेच, असे आठवड्याला सुमारे 40 लिटर शुद्ध पाणी लागते. घरगुती आरओ संयंत्र एका लिटरमागे दोन ते तीन लिटर पाणी बाहेर टाकते असे धरले, तर एकूण गरज 120 ते 160 लिटरवर जाते. टाकाऊ पाणी फरशी पुसण्यास, भांडी-कपड्यांस वापरता येते. तरीही ज्या वस्तीत उन्हाळ्यात पिण्याच्या पाण्यासाठी टँकरची वाट पाहावी लागते, तेथे हा छंद पुढे ढकलणेच शहाणपणाचे.

ज्यांना तो जोपासायचाच आहे, त्यांनी आधी समुद्रपुष्पाविना टाकी चालवावी. अशी टाकी स्थिरावण्यास सहा महिने ते वर्ष लागतेच. त्या काळात एक संपूर्ण उन्हाळा यावा. रोजचे तापमान, खारेपणा आणि आठवड्याचे नायट्रेट वहीत लिहावे. एप्रिल ते जूनच्या नोंदी सारख्या राहिल्या, गावाला गेल्यावरही कुणी तरी ठरल्या दिवशी पाणी बदलले, तरच प्राणी आणावा. नोंदींत खंड पडत असतील, तर गोड्या पाण्यातील मासे पाळणे अधिक बरे. त्यांना घरचे पाणीही पुष्कळदा मानवते.