रुपेरी पत्र्याची झळाळी

अमेरिकेत वॉली बायम यांनी १९३६ साली ‘एअरस्ट्रीम क्लिपर’ या नावाने बाजारात आणलेले, मोटारीमागे जोडून न्यावयाचे ॲल्युमिनियमचे फिरते गृह विमानबांधणीच्या तंत्राने रिव्हेट ठोकून सिद्ध झालेले होते. आणि त्याच घराण्यातील १९६० नंतरच्या ज्या गाड्या आज हौशी मंडळींच्या हाती येतात, त्यांच्या पत्र्यावर बहुधा कारखान्यातच चढविलेला पारदर्शक लेप असतो, जो उन्हापावसाने तडकून, पिवळटून, जागोजाग खपल्या धरतो. हा लेप रासायनिक द्रावणाने मऊ करून उतरविल्यावाचून पॉलिशला हात घालणे व्यर्थ होय.

खरी मेख पुढेच आहे. पुष्कळशा जुन्या गाड्यांचा पत्रा ‘अल्क्लॅड’ जातीचा, म्हणजे बळकट मिश्रधातूच्या दोन्ही अंगांस शुद्ध ॲल्युमिनियमचा अत्यंत पातळ थर बसविलेला असतो. गंजापासून संरक्षण आणि आरशाची झळाळी ही दोन्ही त्या थराचीच कृपा. म्हणून पॉलिशकागदास सक्त मनाई समजावी. लोकरी गादीच्या फिरत्या यंत्राने भरड मलम घासू लागताच पृष्ठभागी काळाकुट्ट मळ साचतो. नवशिका येथे घाबरतो. वस्तुतः काम होत असल्याची ती खूण होय. हे घासणे सावलीत, हात-दोन हात पत्रा घेऊनच करावे, कारण तापलेल्या पत्र्यावर मलम वाळून चिकटते. रिव्हेटांच्या कडांतला मळ काढणे मात्र निव्वळ चिकाटीचे, आणि माझ्या मते सर्वांत कंटाळवाणे. शेवटी मऊ सुती कापड आणि सौम्य मलम घेऊन, उन्हात उघडे पडणारे वर्तुळाकार ओरखडे पुसावेत. उघडा ठेवलेला पत्रा कालांतराने पुन्हा मंदावतोच. तेव्हा अधूनमधून हलक्या पॉलिशची तजवीज ठेवावी लागते.