भांगाचा दिवस

पहाटे साडेपाच. धरमतर खाडीचे पाणी बांधाला टेकले आहे, पण फार चढायचे नाही. आज वैशाख वद्य अष्टमी, म्हणजे भांग, लहान भरतीचा दिवस. भरती सहाच्या सुमारास, ओहोटी दुपारी बाराला. पेण-अलिबागच्या खारेपाटात बांधाचे काम घड्याळावर नाही, तिथीवर ठरते. अमावास्येला ऐन दुपारी उधाण येईल; तोवर बांधाला पडलेली खांड बुजली पाहिजे.

साडेसात. घरटी एक माणूस, हा जुना दंडक. कुदळी, फावडी, घमेली घेऊन बाया-पुरुष जमतात. ज्यांची मुले मुंबईला आहेत त्यांनी पैसे धाडले आहेत. "पैशाला घमेलं उचलता येतं का?" एक आजी विचारते. कोणी उत्तर देत नाही.

आठ ते अकरा. खांडीचे मूळ बहुतेकदा खेकड्याचे बीळ असते. बीळ आरपार गेले की पाणी झिरपते, दर भरतीला थोडी माती ओढून नेते आणि एखाद्या उधाणात बांध बसतो. वरून कोरडी माती लोटून भागत नाही. आधी बीळ तळापर्यंत खणायचे, मग चिकण चिखलाच्या ढेपा फावड्याने कापून हातोहात पुढे द्यायच्या. ढेपेला ढेप भिडवायची, प्रत्येक थर अनवाणी तुडवायचा. दोन ढेपांत बोट शिरले तर लगेच ओरडा: "काढ ती!" तुडवणे जाणत्यांकडे, कारण टाचेखाली पोकळ लागले की त्यांना कळते.

एवढा काटेकोरपणा उगाच नाही. खारे पाणी शेतात शिरले की ते वर्ष गेलेच, वर मीठ धुऊन निघायला दोन-तीन पावसाळे जातात. पनवेलच्या खारभूमी संशोधन केंद्राच्या पनवेल-१, २, ३ या जाती जमिनीतला खार सोसतात. पण खाडीच शेतात आली तर कुठले भात तगणार?

बारा. सुकती पुरी झाली. आता बांधातल्या उघाडीची झडप. भरतीच्या दाबाने ती मिटते, ओहोटीला आतले पाणी तिला ढकलून बाहेर जाते. आज तिच्यात प्लास्टिकची बाटली अडकली होती. तेवढ्या फटीतून दर भरतीला खारे पाणी आत येते.

एक. तांदळाची भाकरी, सुकट, कांदा. आणि कांदळवनाचा वाद. पलीकडच्या शेतांचा बांध फुटून बरीच वर्षे झाली, तिथे आता तिवरे माजली आहेत. मुंबई उच्च न्यायालयाने २००५ मध्ये कांदळवनतोडीला मनाई केली, २०१८ च्या निकालात ती कायम झाली; जमीन कोणाच्याही मालकीची असो. म्हणजे खांड वेळेत बुजली नाही तर सातबारा शेतकऱ्याचा आणि शेत तिवरांचे. त्याचा राग मला समजतो. पण बांधाबाहेरची तिवरे लाटांचा मार अंगावर घेतात. त्यांच्यावर कोयता चालवणारा आपलाच बांध उघडा पाडतो.

दोन ते चार. बाहेरच्या अंगाला दगड लावायचे. कंटाळवाणे काम, म्हणून तोंडे चालू. १९७९ च्या खारभूमी विकास कायद्याने योजनेतल्या बांधांची जबाबदारी सरकारकडे गेली. ते बरेच झाले, मोठे बांध गावाच्या खिशाला झेपणारे नव्हतेच. वाईट एवढेच, की बांध सरकारी म्हटल्यावर लोकांनी बिळे बुजवणेही सोडले. बिळाला कसले आले अंदाजपत्रक?

याच पट्ट्यात चरी गावच्या कुळांनी नारायण नागू पाटलांच्या मागे उभे राहून १९३३ ते १९३९ असा संप केला, शेते पडीक ठेवली, पण खोतापुढे वाकले नाहीत. २१ सप्टेंबर २००८ ला पेण तालुक्यातल्या हेटवणे लाभक्षेत्रातल्या २२ गावांनी एका कंपनीच्या महामुंबई सेझ या विशेष आर्थिक क्षेत्रावर मतदान केले. कौल जमीन न देण्याचा होता. कंपनीपासून वाचवलेली जमीन खेकड्याच्या बिळापायी गमावणे म्हणजे निव्वळ आळस.

साडेपाच. भरती नव्या मातीला लागते. आतल्या अंगाला ओल फुटते का, हे कंदील लागेपर्यंत पाहायचे. नाही फुटली.

पुढचा भांग ज्येष्ठ शुद्ध अष्टमीला. सातबाऱ्यावर नाव असलेल्या मुंबईकरांनो, त्या दिवशी रजा टाका आणि फावडे घेऊन या.