शोधकांची पेढी, मुक्काम सेलू

वाळवंट कागदावर उभे करायला फारसे काही लागत नाही. चार टेकाडे, दोन कोरड्या विहिरी, वाळूखाली गाडलेले एक शहर, झाले. अवघड काम त्याच्या पुढचे. त्या वाळवंटात माणसे कशाला जातील? त्यांना कोण पाठवेल, खर्च कोण उचलेल, आणि परत आली नाहीत तर घरी निरोप कोण नेईल? सेलूत गेल्या उन्हाळ्यात आमच्या गल्लीतली अकरावी-बारावीची पोरे ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’च्या धर्तीवरचा खेळ मांडून बसली आणि नेमकी इथे अडली. घरात पुस्तके आहेत एवढ्या पुराव्यावर सूत्रधारकी माझ्या गळ्यात पडली.

हा खेळ ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. 1974 साली अमेरिकेत गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी तो काढला. पट लागत नाही. सूत्रधार एक जग सांगतो, प्रत्येक खेळाडू त्या जगातले एक पात्र होऊन काय करणार ते बोलतो, आणि जमले की फसले हे वीस बाजूंचा फासा ठरवतो. एकच कथा महिनोन्‌महिने चालते. 1991 मध्ये याच खेळाची ‘डार्क सन’ ही वाळवंटी आवृत्ती निघाली; तिच्या जगात लोखंड दुर्मीळ आहे आणि पाण्यावरून मुडदे पडतात.

आमच्या पोरांना वाळवंट शिकवावे लागले नाही. 2016 च्या एप्रिलात मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी आले, तो प्रसंग त्यांनी घरोघरी ऐकलेला. त्यामुळे तलवारीचे नियम ठरायच्या आधी पाण्याचे ठरले. एका पोराने वहीत रकानेच पाडले: पखाली किती, माणसे किती, जनावरे किती, मुक्काम किती. उंटाला रोज पाणी लागत नाही हे कळल्यावर त्याने उंटाचा रकाना वेगळा केला आणि घोडा सरळ काटून टाकला. “मामा, घोडं परवडत नाही.” इतका पक्का हिशेब मी तयार नियमपुस्तकांतही पाहिलेला नाही.

माणसांना वाळवंटात पाठवणारी संस्था मात्र जमेना. पहिल्या बैठकीत जी उभी राहिली ती इंग्रजी सिनेमातून उचललेली होती: दगडी वाडा, डोक्यावरून झगा ओढलेला गूढ म्होरक्या, भिंतीवर नकाशा, टेबलावर मोहरांची थैली. जा, खजिना आणा. अशा संस्थेत माणूस मेला की पुढच्या रविवारी नवे पात्र येते आणि मेलेल्याचे नावही कुणाला आठवत नाही. मला ते पटेना. मग मी पोरांना म्हटले, सेलूच्या स्टेशनावर तपोवन एक्स्प्रेस थांबते, ती नाशिकला जाते, आणि आपल्याला हवी ती पेढी नाशिकलाच आहे. एकदा लेण्यात आणि एकदा शरणपुरात.

लेण्याचे आधी उरकतो. पांडवलेण्यांतल्या दहाव्या लेण्यात क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याचा शिलालेख आहे, इसवी सनाच्या दुसऱ्या शतकातला. त्याने गोवर्धनातल्या विणकरांच्या दोन श्रेणींकडे, म्हणजे संघांकडे, तीन हजार कार्षापण नाणी कायमची ठेव म्हणून ठेवली. दोन हजार एकीकडे, दरमहा शेकडा एक दराने. हजार दुसरीकडे, शेकडा पाऊण दराने. मुद्दलाला हात लावायचा नाही, फक्त व्याज वापरायचे. दोन हजारांचे वर्षाचे व्याज दोनशे चाळीस, आणि लेण्यात वर्षावासाला राहणाऱ्या वीस भिक्षूंना प्रत्येकी बारा कार्षापण वस्त्रासाठी. हिशेब चोख बसतो, आणि तो सगळ्यांना दिसेल असा भिंतीवर कोरलेला आहे. आमच्या पेढीचा खजिना इथून आला. वाळवंटातल्या शहराच्या वेशीवर पेढीची ठेव कोरलेली आहे, मोहीम निघते ती व्याजावर, आणि व्याज कमी पडले तर मोहीम निघत नाही. पोरांना वाटले खेळ रुक्ष होईल. उलट भांडणे लागली, आणि खेळात भांडणे लागलेली बरी.

आता शरणपूर. नाशिककर रोज शरणपूर रोडवरून जातात. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यात चर्च मिशनरी सोसायटीने तिथे एक वसाहत वसवली. पूर्व आफ्रिकेच्या किनाऱ्यावर गुलामांची जहाजे इंग्रजी आरमार पकडी आणि सुटलेली पोरे पुष्कळदा मुंबईला उतरवी. त्यांतली काही शरणपूरच्या आश्रमात आली. कुणी याओ, कुणी आणखी कुठल्या जमातीचा. गाव जळालेले, आईबाप हरवलेले. इथे ती लिहायला-वाचायला शिकली, सुतारकी, लोहारकी शिकली, बाप्तिस्मा घेऊन जेकब, मॅथ्यू, एडवर्ड झाली. भोवती नाशिकचा बाजार आणि मराठी. पुढे आफ्रिकेत गेल्यावर त्यांना ‘नासिक बॉइज’ हेच नाव पडले. सगळ्यांना मिळून ‘बॉम्बे आफ्रिकन्स’ म्हणत.

आफ्रिकेत मोहिमा काढणारा शोधक डेव्हिड लिव्हिंगस्टन 1864 साली ‘लेडी न्यासा’ नावाची छोटी आगबोट स्वतः हाकत झांझिबारहून मुंबईला आला. बरोबर आफ्रिकी खलाशी होते. चुमा नावाच्या पोराला त्याने डॉ. जॉन विल्सन यांच्या मुंबईतल्या शाळेत ठेवले; सुसी नावाचा दुसरा गोदीत कामाला लागला. पुढच्या वर्षी लिव्हिंगस्टन परत आला, नाशिकला गेला, आणि चुमा-सुसींच्या जोडीला शरणपूरची नऊ पोरे त्याच्या आफ्रिकेतल्या नव्या मोहिमेला तयार झाली. 1866 च्या जानेवारीत मुंबईहून जहाज सुटले. मोहिमेबरोबर शिपाई होते, उंट होते, खेचरे होती, गाढवे होती, आणि म्हशीही होत्या. त्से-त्से माशी चावली तर आपली जनावरे टिकतात का, हे लिव्हिंगस्टनला पाहायचे होते. नाही टिकली. शिपायांना वाटेतूनच परत धाडावे लागले. बेटांवरून घेतलेले हमाल पळाले आणि साहेब मेला अशी थाप किनाऱ्यावर ठोकून मोकळे झाले. त्यावर लंडनपर्यंत खळबळ उडाली. नाशिकच्या पोरांतलेही काही गळले. पण एडवर्ड गार्डनर हा पहिल्या तुकडीतला गडी सात वर्षांनी, शेवटच्या मुक्कामीही हजर होता.

पुढे लिव्हिंगस्टनच्या शोधात आलेल्या स्टॅन्लीने झांझिबारहून माणसांची कुमक पाठवली, तीत नाशिकचे आणखी सहा जण होते. त्यांतला एक जेकब वेनराइट. माझ्या मते आमच्या पेढीचा खरा संस्थापक हाच.

1873 च्या मे महिन्याच्या सुरुवातीला, आजच्या झांबियात, चितांबोच्या गावी लिव्हिंगस्टन वारला. पाहायचे आहे ते त्यानंतर काय झाले. गोरा माणूस एकही नाही, किनारा हजार मैलांहून दूर, आणि परक्या मुलखात प्रेत बाळगणे म्हणजे गावोगाव वैर घेणे. साठेक माणसे एकत्र बसली. सुसी आणि चुमा यांना सगळ्यांनी नायक मानले. पेट्या उघडल्या गेल्या आणि सर्वांसमक्ष जेकबने एकेक वस्तूची यादी लिहिली. आपल्याकडे तलाठी करतो तसा पंचनामाच म्हणा. वह्या, उपकरणे, कपडे, सगळे नोंदले, पेट्या बंद केल्या. हृदय पत्र्याच्या डब्यात घालून झाडाखाली पुरले, जेकबने प्रार्थना वाचली आणि झाडाच्या बुंध्यावर नाव-तारीख कोरली. देहाला मीठ लावून दोन आठवडे उन्हात वाळवले, कापडात आणि झाडाच्या सालीत गुंडाळले, वरून शिडाचे कापड शिवून डांबर फासले. मग काठीला बांधून निघाले.

नऊ-दहा महिने चालले ते. उन्यान्येम्बेला कॅमेरॉन नावाचा इंग्रज अधिकारी भेटला. इथेच पुरून टाका म्हणाला. यांनी ऐकले नाही. पुढे एका गावाने प्रेताला वाट द्यायला नकार दिला, तर यांनी काय केले? ज्वारीसारख्या धान्याची धाटे कापडात गुंडाळून दुसरे खोटे प्रेत बांधले, आम्ही ते परत नेतो म्हणून काही माणसे उलट दिशेला पाठवली, आणि खरा देह कापडाच्या गाठोड्यासारखा बांधून माल म्हणून पुढे काढला. उलटे गेलेले लोक रानात धाटे फेकून, आडवाटेने येऊन पुन्हा तांड्याला मिळाले. इतकी सरस खेळी वीस बाजूंच्या फाशावर आमच्या पोरांना कधी सुचलेली नाही. मी ती गोष्ट सांगितली तेव्हा पहिल्यांदा कुणी मध्ये मोबाइल काढला नाही.

1874 च्या फेब्रुवारीत ते किनाऱ्यावरच्या बागामोयोला पोचले. तिथे सरकारी अधिकाऱ्यांनी देह ताब्यात घेतला आणि पगार देऊन माणसांना वाटेला लावले. देहाबरोबर लंडनला गेला तो एकटा जेकब, मिशनच्या खर्चाने. 18 एप्रिल 1874 ला वेस्टमिन्स्टर ॲबेमध्ये खांदेकऱ्यांत तो होता. सुसी आणि चुमा दफन झाल्यावर इंग्लंडात पोचले, आणि त्यांच्या तोंडच्या माहितीवर होरेस वॉलरने लिव्हिंगस्टनच्या शेवटच्या रोजनिश्या पुऱ्या केल्या. रॉयल जिऑग्राफिकल सोसायटीने तांड्यातल्या माणसांसाठी चांदीची पदके पाडली. ती तयार होईस्तोवर बरेच जण पांगले होते. जेकबने स्वतः लिहिलेली रोजनिशी त्याच वर्षी जर्मनमध्ये छापून आली. मॅथ्यू वेलिंग्टन तर मोंबासात 1935 पर्यंत जगला. शरणपूरची पुष्कळ मंडळी मोंबासाजवळच्या फ्रीरटाउनला जाऊन राहिली. हे नाव मुंबईचे माजी गव्हर्नर बार्टल फ्रिअर यांचे.

मुंबईतही शोधकांची रीतसर संस्था होती, बॉम्बे जिऑग्राफिकल सोसायटी. लंडनची मूळ संस्था 1830 ची, ही तिच्या पाठोपाठ निघाली आणि 1873 मध्ये रॉयल एशियाटिक सोसायटीच्या मुंबई शाखेत विलीन झाली. अहवाल, नकाशे, सभासद असे सारे होते. त्या काळात अरबस्तानचा दक्षिण किनारा मोजणारे आरमारी अधिकारी मुंबईचेच. त्यांतल्या कॅप्टन हेन्सची कथा मी पोरांना मुद्दाम सांगितली. 1839 मध्ये त्याने एडन घेतले, पंधरा वर्षे चालवले, मग हिशेबात तूट निघाली. अफरातफरीच्या आरोपातून सुटला, पण देणे फिटेना म्हणून मुंबईच्या तुरुंगात सहा वर्षे राहिला. 1860 मध्ये सुटला आणि काही दिवसांत बंदरातच, जहाजावर, मेला. आमच्या पेढीत हिशेबनीस हे पद त्याच्यामुळे आले, आणि त्याला सगळे घाबरतात.

तर पेढीचे नियम असे झाले. प्रत्येक तांड्यात एक लिहिणारा हवा, आणि तो हमालांतलाच हवा. मेलेल्याच्या सामानाची यादी सर्वांसमक्ष. देह परत आणायचा. नाही जमले तर झाडावर किंवा दगडावर नाव कोरल्याशिवाय हलायचे नाही. म्होरक्या निवडायचा तो मोहीम फसल्यावर, आधी नाही. हा शेवटचा नियम पोरांचा आहे आणि मला तो फार आवडतो. वाटाड्याचा पगार नायकाइतका ठेवावा की नाही, यावर अजून वाद चालू आहे. मी वाटाड्याच्या बाजूने आहे. नाईलचा उगम शोधायला निघालेल्या बर्टन आणि स्पीकबरोबर गेलेला सिदी मुबारक बॉम्बे हा आफ्रिकी वाटाड्या आधी हिंदुस्तानात गुलाम होता. स्पीकचा त्याच्याशी संवाद चाले तो हिंदुस्तानीत. म्हणजे नाईलच्या उगमाचा शोध बराचसा आपल्याला कळेल अशा भाषेत लागला, आणि श्रेय ज्याचे त्याला मिळाले नाही.

वाळवंटाची नावे, रस्ते, वाऱ्यांचे प्रकार अजून गोळा करायचे आहेत, आणि त्यासाठी लांब जायची गरज नाही. निजामाच्या फौजेत अरब शिपाई होते, त्यांतले पुष्कळ हदरामौतचे, म्हणजे रब अल-खालीच्या रेताडाला खेटलेल्या मुलखातले. हैदराबादेत जमादारी केलेल्या उमर बिन अवद अल-कुऐतीच्या घराण्याने तिकडे राज्य उभारले, ते 1967 पर्यंत टिकले. इकडे राहिलेल्यांचे वंशज परभणी-नांदेडकडे चाऊस आडनावाने आपल्या शेजारी नांदतात. खेळासाठी वाळवंट रचणाऱ्या मराठवाड्यातल्या पोरापोरींनी इंग्रजी पुस्तक उघडण्याआधी त्यांच्यातल्या एखाद्या आजोबांना गाठावे, घराण्यात काय सांगत आले ते विचारावे आणि लिहून घ्यावे. लिहिताना सांगणाऱ्याचे नाव वर घालायला विसरू नये.