साम्य दिसलं म्हणजे प्रभाव सिद्ध झाला का? एका सिंथेसायझर अल्बमची गोष्ट



पेट झाली, आता सिनॉप्सिस लिहायचा आहे, अशा टप्प्यावरचे तुमच्यापैकी बरेच जण एक प्रश्न हमखास विचारतात: "अमुक गोष्टीचा तमुक गोष्टीवर प्रभाव पडला, असं नेमकं कधी लिहायचं?" उत्तरासाठी आज लॅबबाहेरचं उदाहरण घेतोय.

नाशिकला गंगापूर रोडवरच्या अभ्यासिकेत रात्री वाचत बसलो की माझ्या कानात हळू आवाजात सिंथेसायझरवरचं संथ जॅझ चालू असतं. ते माहीत असलेल्या एका मित्राने मला एक अल्बम पाठवला. सोबत मेसेज: "अ‍ॅसिड हाउस शिकागोत नाही, मुंबईत जन्मलं!" अ‍ॅसिड हाउस म्हणजे १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात शिकागोच्या क्लबांमधून पुढे आलेलं नृत्यसंगीत. दावा मोठा आहे. आपण तो तपासू.

आधी अल्बम. चरणजित सिंग हे मुंबईच्या हिंदी चित्रपटसंगीतात वाद्यवृंदात वाजवणारे कलाकार. १९८२ मध्ये एचएमव्हीने त्यांचा 'सिंथेसायझिंग: टेन रागाज टु अ डिस्को बीट' हा अल्बम काढला. ललित, तोडी, यमन, मालकंस असे दहा राग आणि खाली डिस्कोचा ठेका. त्या काळी हिंदी सिनेमात डिस्कोची लाट होती. 'कुर्बानी' १९८० चा. म्हणजे दोन प्रभाव तर अल्बमच्या नावातच छापलेले आहेत.

आता वाद्यं. तीनही रोलंड या जपानी कंपनीची. ज्युपिटर-८ या सिंथेसायझरवर एका वेळी आठ स्वर वाजतात. टीआर-८०८ हे तालयंत्र. तिसरं टीबी-३०३, आणि गोष्टीतलं मुख्य पात्र तेच. एकट्या गिटारवादकाला सरावाला बासची साथ मिळावी म्हणून ते बनवलेलं होतं. आत एकच ऑसिलेटर. तरंगाचा आकार करवतीच्या दात्यांसारखा किंवा चौकोनी. पुढे लो-पास फिल्टर, म्हणजे एका ठराविक वारंवारतेच्या खालचा आवाज जाऊ देणारी चाळणी. रेझोनन्सचं बटण वाढवलं की त्या सीमेजवळच्या वारंवारता फुगतात आणि आवाज कुईं-कुईं करायला लागतो. शिवाय 'स्लाइड'ची सोय: एका स्वरावरून दुसऱ्यावर न तुटता घसरत जायचं. आपल्या कानाला ते थेट मींडेसारखं वाटतं.

हे यंत्र बाजारात चाललं नाही. १९८४ पर्यंत उत्पादन बंद झालं आणि जुनी यंत्रं स्वस्तात विकली जाऊ लागली. तशीच शिकागोच्या फ्युचर या गटाच्या हाती लागली. त्यांनी फिल्टरची बटणं वाजतावाजता फिरवली, आणि १९८७ मध्ये 'अ‍ॅसिड ट्रॅक्स' आलं. पुढे २०१० मध्ये चरणजित सिंगांचा अल्बम युरोपात पुन्हा प्रकाशित झाला, तेव्हा लोक चक्रावले. हे १९८२ चं असूच शकत नाही, कुणीतरी केलेला बनाव आहे, अशीही शंका घेतली गेली.

साम्य खरं आहे. पण प्रभाव? मूळ अल्बम फारसा खपला नव्हता, आणि तो शिकागोपर्यंत पोहोचल्याचा पुरावा पुढे आलेला नाही. मग साम्य आलं कुठून? एक उघड उत्तर: दोघांकडे यंत्र एकच होतं. आपल्या भाषेत, कॉमन कॉज.

इथेच थांबू नका. यंत्र हे पुरेसं कारण असतं, तर ३०३ जिथे जिथे वाजलं तिथे अ‍ॅसिड हाउस ऐकू आलं असतं. स्कॉटलंडच्या ऑरेंज ज्यूस या बँडचं १९८३ मध्ये गाजलेलं 'रिप इट अप' ऐका. त्यातही ३०३ आहे, आणि गाणं साधं-सरळ पॉप आहे. म्हणजे दुसरंही कारण हवं. माझ्या मते ते रचनेत आहे: रागसंगीतात कॉर्ड बदलत पुढे जायचं नसतं, षड्ज कायम राहतो, अ‍ॅसिड हाउसमध्येही एकच आकृती फिरत राहते. दोन वेगळ्या वाटा, पोहोचल्या जवळजवळ एकाच ठिकाणी.

आणि एक सापळा. ३०३ च्या सिक्वेन्सरमध्ये एका आवर्तनाच्या १६ पायऱ्या, तीनतालाच्या मात्रा १६. "बघा, तीनताल!" असं लिहायचा मोह होतो. पण त्या १६ पायऱ्या म्हणजे पाश्चात्त्य चार ठोक्यांचे प्रत्येकी चार भाग. आकडा जुळला, कारण नाही.

मग प्रभाव सिद्ध झालेला कसा दिसतो? हर्बी हॅनकॉक या जॅझ पियानोवादकाचा १९७३ चा 'हेड हंटर्स' घ्या. 'कमेलियन'ची बास त्याने एआरपी ओडिसी सिंथेसायझरवर वाजवली आहे. त्यावर फंकचा, विशेषतः स्लाय स्टोनचा प्रभाव आहे, हे कानावरून ताडायची गरजच नाही. अल्बममधल्या एका रचनेचं नावच 'स्लाय' आहे. कर्त्याने स्वतः ठेवलेली खूण हा पुरावा. ऐकणाऱ्याला झालेला भास नव्हे.

हे मी शहाणपणाने सांगत नाहीये. माझा विषय गॅस सेन्सर. झिंक ऑक्साइडमध्ये दोन वेगवेगळी डोपंट घातली, दोन्ही नमुन्यांचा प्रतिसाद वाढला, आणि मी बिनधास्त लिहिलं, "डोपिंगमुळे". प्रेझेंटेशनला बाहेरून आलेल्या सरांनी एवढंच विचारलं, "बाळा, दोन्ही एकाच तापमानाला भाजलेस ना? मग डोपिंग न केलेला नमुना तसा भाजून पाहिलास का?" नव्हता पाहिला. पाहिला, तर त्याचाही प्रतिसाद जवळजवळ तेवढाच वाढला. सहा महिन्यांचं प्रकरण अर्ध्या पानावर आलं. माझं ३०३ म्हणजे ती भट्टी होती.

म्हणून 'मुळे' किंवा 'प्रभावाने' लिहिण्याआधी चार प्रश्न:

१. अ ची माहिती ब पर्यंत पोहोचायला खरा रस्ता होता का?
२. दोघांमागे एकच तिसरं कारण आहे का?
३. ते कारण असूनही परिणाम दिसला नाही, असं उदाहरण शोधलं का?
४. जुळलेला आकडा नुसता योगायोग आहे का?

चरणजित सिंगांचं काय? शिकागोला त्यांच्याकडून काही मिळालं नसेल, तरी त्यांचं मोठेपण तसूभर कमी होत नाही. इतरांना ज्या यंत्राचं काय करायचं ते कळत नव्हतं, त्यावर त्यांनी पाच वर्षं आधी राग वाजवून ठेवले. एवढं खरं विधान पुरेसं आहे. त्याला खोट्या श्रेयाचा टेकू कशाला?

आता तुमचा सिनॉप्सिस उघडा, 'मुळे' असलेलं प्रत्येक वाक्य अधोरेखित करा, आणि सर विचारायच्या आधी स्वतःच विचारा.