पाळण्याची दोरी कोणाच्या हाती?

नोकरी करणाऱ्या स्त्रीला आपल्या समाजात दोन प्रश्न हमखास विचारले जातात. पहिला, "पगार किती मिळतो?" आणि दुसरा, "मग मूल कोण सांभाळतं?" पुरुषाला यांतला पहिलाच प्रश्न विचारण्याची पद्धत आहे. दोन मुलांचा बाप दहा-दहा तास घराबाहेर असतो, तेव्हा त्याची मुले कुठे असतात याची चौकशी करावी असे कुणाच्या मनातही येत नाही. ती घरीच असणार, आणि घरी कुणीतरी असणारच, हे आपण गृहीत धरलेले असते.

या विषयावर आजवर पुष्कळ लिहिले गेले आहे. घर आणि नोकरी सांभाळणाऱ्या स्त्रीला कधी दशभुजा देवी म्हणतात, तर कधी तिच्या तारेवरच्या कसरतीचे कौतुक करतात. कौतुक कुणाला नको असते? पण तारेवर चालणाऱ्या बाईचे मूलही त्या वेळी खाली कुणाच्या तरी कडेवर असते. ते कुणाच्या कडेवर आहे, एवढेच मला या लेखात पाहायचे आहे.

बंदरावरची बाई

मालवणच्या किनाऱ्यावर बाईने कमावणे ही नवलाई नाही. गाबीत समाजातला पुरुष होडी घेऊन समुद्रात जातो. पण मासळी किनाऱ्याला लागली की तिचे पैसे करण्याचे काम बाईचे. लिलावात बोली लावायची, पाटी भरायची, बाजार गाठायचा, गिऱ्हाइकाशी हुज्जत घालायची, कुणाकडे किती उधारी राहिली हे तोंडपाठ ठेवायचे आणि दुपार टळल्यावर घरी येऊन चूल पेटवायची. पावसाळ्यात मासेमारी बंद राहते, तेव्हा उन्हाळ्यात वाळवून ठेवलेले बांगडे आणि जवळा बाहेर निघतो. शेतकरी घरातली बाई भाताची लावणी करते, मे महिन्यात आमसुले घालते. वेंगुर्ले-सावंतवाडीकडच्या काजूच्या कारखान्यांत बी फोडून फोडून जिचे हात काळे पडतात, तीही कुणाची तरी आईच असते. या कामाला कुणी 'करिअर' म्हटले नाही. पण त्या मिळकतीवर पिढ्यान् पिढ्या घरे चालली.

शिवाय या मुलखात घरचा कर्ता पुरुष पुष्कळदा घरी नसेच. तो मुंबईला. 'चाकरमानी' हा शब्द आमच्याकडे एखाद्या नातेवाचक शब्दासारखा वापरला जातो. गिरणीत, गोदीत, पोस्टात नोकरी धरलेला हा माणूस महिन्याला मनिऑर्डर धाडी आणि चतुर्थीला ट्रंक घेऊन येई. मागे राहिलेली बाई शेत पाही, सासू-सासऱ्यांचे औषधपाणी पाही, कुळाचार सांभाळी आणि मुले वाढवी. जनगणनेच्या आकड्यांतही हे दिसते. २००१ साली सिंधुदुर्ग जिल्ह्यात दर हजार पुरुषांमागे १०७९ स्त्रिया होत्या. महाराष्ट्रातल्या बहुतेक जिल्ह्यांत पुरुषांचा आकडा मोठा असताना येथे तो स्त्रियांचा होता.

मग या बायकांची मुले कोण सांभाळी? त्याचे उत्तर खळ्यात मिळते. घरापुढचे शेणाने सारवलेले खळे, त्यावर झावळ्यांचा माटव आणि माटवाखाली जागा धरून बसलेली एखादी म्हातारी. पडवीत तान्ह्याची झोळी टांगलेली. झोळीची दोरी म्हातारीच्या पायाच्या अंगठ्याला बांधलेली आणि हात मात्र सुपातले तांदूळ निवडण्यात गुंतलेले. शेजारच्या घरातली दोन पोरेही तिच्याच नजरेखाली खेळत. आई संध्याकाळी आली की म्हातारी दिवसभराची तक्रार सांगून मोकळी होई.

प्रथम वर्षाच्या मुलामुलींना मी दरवर्षी 'माझे बालपण' या विषयावर निबंध लिहायला सांगते. भाषेच्या चुका तपासण्यासाठी हाती घेतलेले हे कागद वाचता वाचता मी भलत्याच ठिकाणी थांबते. या निबंधांत आई असते, पण ती बहुधा कामावरून येत असते किंवा कामाला जात असते. बाप सणाला येतो. आंघोळ घालणारी, भरवणारी, रात्री भुताच्या गोष्टी सांगून आधी घाबरवणारी आणि मग कुशीत घेणारी असते ती आजी. आईच्या मिळकतीमागे आजीची बिनपगारी चाकरी उभी होती, हे मुलांनी नकळत लिहून ठेवलेले असते.

खळे मागे राहिले तेव्हा

ज्या बायका नवऱ्याबरोबर मुंबईला गेल्या, त्यांच्यापाशी खळेही नव्हते आणि म्हातारीही नव्हती. १९२० च्या दशकात मुंबईच्या कापड गिरण्यांत दर पाच कामगारांमागे साधारण एक बाई होती. भोंगा झाला की चाळीतली खोली सोडायची. पण तान्हे मूल कुठे ठेवायचे? त्या काळच्या सरकारी पाहण्यांत याचे जे उत्तर नोंदलेले आहे, ते वाचून आजही अंगावर काटा येतो. आया मुलांना 'बाळगोळी' देत. ती अफूची असे. मूल दिवसभर गुंगीत पडून राही आणि आई साच्यावर उभी राहू शके.

त्या आया निर्दय होत्या असे कुणी म्हणू नये. गोळी घातली नाही तर मूल रडून बेजार होणार, आणि कामावर गेले नाही तर उपाशी राहणार. मायेत त्या कुठेच उणी नव्हत्या. मूल धरायला मोकळा हात नव्हता, आणि त्या हाताची जागा अफूने घेतली होती.

कायद्याची पहिली धडपड याच सुमाराची आहे. कामगार पुढारी ना. म. जोशी यांनी १९२४ साली मध्यवर्ती विधिमंडळात बाळंतपणाच्या भत्त्याचे विधेयक आणले. ते मंजूर झाले नाही. १९२८ साली तसेच विधेयक मुंबईच्या विधिमंडळात आले, तेव्हा डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी त्याला पाठिंबा दिला. बाळंतपणाच्या आधी आणि नंतर आईला विश्रांती मिळणे हे राष्ट्राच्या हिताचे आहे, म्हणून या खर्चाचा मोठा वाटा सरकारने उचलला पाहिजे, असे त्यांचे म्हणणे होते. १९२९ साली मुंबई इलाख्यात कायदा झाला, पण खर्च मालकावर पडला. मालकांना बाई महाग वाटू लागली. त्यातच बायकांना रात्रपाळीची मनाई होती, यंत्रेही बदलली. आणि पुढच्या दशकांत गिरणीतल्या बायकांची संख्या घटत गेली.

गिरणीबाहेर पडलेल्या कित्येकींनी मग चुलीचाच धंदा केला. गावाहून एकट्या आलेल्या कामगारांना दोन वेळचे जेवण घालणाऱ्या खानावळी त्यांनी चालवल्या. मूल आणि मिळकत एकाच छपराखाली! वाचायला हे सोयीचे वाटते. पण खोली दहा बाय बाराची, स्टोव्ह पेटलेला, डझनभर माणसे पंगतीला आणि त्यांच्या पायांत रांगणारे मूल, असे चित्र डोळ्यांपुढे आणावे म्हणजे ती सोय किती होती ते कळेल. या बायकांना सावकाराच्या पाशातून सोडवून बँकेचे कर्ज मिळवून देण्यासाठी प्रेमा पुरव यांनी १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळ स्थापन केले. जानेवारी १९८२ मध्ये गिरण्यांचा मोठा संप सुरू झाला आणि पगार थांबले, तेव्हा गिरणगावातली कित्येक घरे बायकांच्याच मिळकतीवर तगली.

अंगणातली शाळा

मूल सांभाळणे हे केवळ घरचे काम नसून शिकून करण्याचे काम आहे, हे महाराष्ट्राला ज्यांनी शिकवले त्या ताराबाई मोडक स्वतः नोकरी करणाऱ्या आई होत्या. पतीपासून विभक्त झाल्यावर त्यांनी मुलीला वाढवत शिक्षणाचे काम केले. भावनगरला गिजुभाई बधेका यांच्याबरोबर त्या बालशिक्षणात रमल्या, आणि १९४५ साली अनुताई वाघ यांना बरोबर घेऊन त्यांनी तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातल्या बोर्डीला काम सुरू केले. गरिबाचे मूल शाळेत येत नाही, कारण त्याच्या कडेवर धाकटे भावंड असते, हे त्यांनी पाहिले. म्हणून त्यांनी शाळाच मुलांच्या अंगणात नेली. 'अंगणवाडी' हा गोड शब्द तिथला. २ ऑक्टोबर १९७५ रोजी केंद्र सरकारची एकात्मिक बालविकास योजना सुरू झाली आणि तो शब्द देशभर गेला.

आज आमच्या वाडीवाडीत अंगणवाडी आहे. पण तिची शाळा दुपारपर्यंत. बँकेत, तहसील कचेरीत किंवा काजूच्या कारखान्यात काम करणाऱ्या आईची सुटी संध्याकाळी. मधल्या चार-पाच तासांचे काय? तिथे पुन्हा आजी लागते. आणि खुद्द अंगणवाडी सेविकेचे काय? गावाची मुले सांभाळणाऱ्या या बाईच्या मोबदल्याला आपण पगार म्हणत नाही, 'मानधन' म्हणतो. त्या उपदानाला पात्र आहेत हे ठरायला सर्वोच्च न्यायालयाचा २०२२ चा निकाल यावा लागला, आणि डिसेंबर २०२३ मध्ये राज्यातल्या सेविकांना दीर्घ संपावर जावे लागले. मान भरपूर आणि धन थोडके, असा हा शब्द आपण मोठ्या खुबीने घडवला आहे.

आजीचा हात

आता ही आजीही पहिल्यासारखी हाताशी राहिलेली नाही. २०११ च्या जनगणनेत आमच्या जिल्ह्यातला स्त्रियांचा आकडा हजारी १०३६ वर आला. पूर्वी पुरुष एकटा जाई. आता जोडपीच्या जोडपी जातात. विरार, नालासोपारा, डोंबिवलीकडच्या ब्लॉकमध्ये दोघेही पहाटे उठून लोकल पकडतात, आणि मूल सांभाळायला गावची आजी बोलावली जाते. तीन महिन्यांत तिचा जीव घुसमटतो. गुरे, झाडे, देवाची दिवाबत्ती तिला सोडवत नाही. मग उलटा प्रकार होतो: आजी गावाला परतते आणि दीड वर्षाचे मूलही कोकण रेल्वेने तिच्याबरोबर गावी येते. आईला ते मोबाइलच्या पडद्यावर दिसते. सुटी संपून परत निघालेली आई कुडाळ स्टेशनात रडताना ज्यांनी पाहिली असेल, ते तिला "पैशाच्या मागे लागलीस" असे म्हणणार नाहीत.

याच्या उलट, घाटावरून बदली होऊन आलेल्या शिक्षिका इथे आहेत. माझ्या ओळखीच्या अशाच एका बाईंचे मूल शेजारच्या म्हातारीने वाढवले. पैसे देऊ केले तर म्हातारी रागावली. मुलगा बोलू लागला तो "मला हवं" न म्हणता "माका व्हया" म्हणू लागला, तेव्हा त्या बाईंना हसावे की रडावे कळेना. असा शेजार अजून आहे, हे आमच्या किनाऱ्याचे भाग्य. पण एखाद्या म्हातारीच्या चांगुलपणावर किती घरांची व्यवस्था उभी करायची? म्हातारी आजारी पडली, की दुसऱ्या दिवशी रजेचा अर्ज आईचाच जातो.

आणि बायका थांबलेल्या नाहीत. वेंगुर्ल्याला मांडवीच्या खाडीत स्वामिनी बचत गटाच्या बायकांनी २०१७ च्या सुमारास कांदळवनाची सफर सुरू केली. प्रवाशांना बसवून होडी त्या स्वतः वल्हवतात. तारकर्ली-देवबागला घरोघरी पाहुण्यांच्या खोल्या झाल्या आहेत आणि त्यांच्या न्याहरीपासून हिशेबापर्यंत सारे घरधनीण पाहते. एस.टी.त तिकिटे फाडणाऱ्या, दवाखान्यात रात्रपाळी करणाऱ्या, न्यायालयात उभ्या राहणाऱ्या मुली याच मातीतल्या आहेत. माझ्या वर्गात पुढच्या बाकांवर बसणाऱ्याही बहुतेक मुलीच. त्या शिकणार, कमावणार, यात शंका नाही. प्रश्न त्यांच्या हुशारीचा नाही, त्यांच्या मुलांच्या दुपारचा आहे.

मग करावे काय?

बाळंतपणाच्या पगारी रजेची मर्यादा २०१७ साली १२ आठवड्यांवरून २६ आठवड्यांवर गेली. पन्नास किंवा अधिक माणसे कामाला असतील तिथे पाळणाघर असावे, असेही त्याच दुरुस्तीने ठरवले. चांगले झाले. पण रजेच्या पगाराचा भार बहुतेक ठिकाणी मालकावरच राहिला, आणि तरुण मुलीला नोकरी देताना लहान संस्थेचा चालक मनातल्या मनात बोटे मोजतो. १९२८ साली बाबासाहेबांनी सांगितलेली गोष्ट आपण अजून पुरती ऐकलेली नाही. दुसरे असे, की आमच्यासारख्या जिल्ह्यात पन्नास माणसांची आस्थापने किती? दहा बायकांच्या काजू कारखान्याला हा नियम लागत नाही. तिथे उपाय एकच: अंगणवाडी संध्याकाळपर्यंत उघडी ठेवणे, आणि त्या वाढीव तासांचा पगार सेविकेला पगार म्हणूनच देणे. अंगणवाडीला जोडून पाळणाघर चालवण्याची केंद्राची 'पाळणा' योजना कागदावर आहे. ती वाडीपर्यंत आली पाहिजे.

आणि बाप? आपल्या राज्य सरकारने २०१८ साली कर्मचाऱ्यांना बालसंगोपनाची १८० दिवसांची रजा दिली. ती स्त्रियांना, आणि पुरुषांपैकी ज्यांची पत्नी हयात नाही किंवा असाध्य आजाराने अंथरुणाला खिळली आहे अशांना. बायको धडधाकट असेपर्यंत पुरुषाला संगोपनाचे काही काम पडत नाही, असाच याचा अर्थ झाला. सरकारला दोष देण्यात मात्र अर्थ नाही. आपल्या घरोघरी चालत आलेली रीतच त्या कागदावर उतरली आहे. ती बदलायला शासननिर्णय लागत नाही. मुलाला ताप आला की शाळेतून फोन कोणाला येतो, आणि रजा कोण टाकतो, एवढे दोन प्रश्न या दिवाळीला फराळाच्या ताटाभोवती बसून विचारले तरी पुरे.

पाळण्याची दोरी बाईच्या हाती असल्याचे गोडवे आपण फार गाइले. ती दोरी कधी आईच्या हाती होती, कधी आजीच्या अंगठ्याला बांधलेली होती, कधी शेजारणीने ओढली, कधी अंगणवाडीच्या बाईने. जिथे ती धरायला कुणीच नव्हते, तिथे अफूची गोळी आली. आजीचा अंगठा आता थकला आहे. तिने दोरी खाली ठेवण्याआधी ती कुणीतरी हातात घेतली पाहिजे. घरात बाप आहे, गावात अंगणवाडी आहे, दिल्ली-मुंबईत सरकार आहे. हात पुष्कळ आहेत. ते पुढे आले पाहिजेत.