गच्ची रिकामी, मग पॅनेल गायरानावर का?

इअरफोन घरी विसरलेल्यांसाठी आजच्या एपिसोडचं हे लिखित रूप. बोलल्यासारखंच लिहिलंय, सांभाळून घ्या.

विषय मामामुळे सुचला. त्याचं गाव सिन्नर तालुक्यात. तिथल्या गायरानावर सौर प्रकल्पासाठी मोजणी झाली आणि त्याचा फोन आला, "तू इंजिनीअर ना रे? मग सांग, शेळ्या कुठं चारायच्या?" आता मी पडलो सॉफ्टवेअरवाला. पण गंमत बघा, ह्याच मामाला दिवसाची वीज पाहिजे. रात्री दोन वाजता बॅटरी घेऊन मोटर चालू करायला जायचं, आणि मक्यात बिबट्या बसलाय की नाही ते देवाला ठाऊक. म्हणजे पॅनेल पाहिजेत, फक्त तिथं नकोत.

मग कुठं? हे खरं तर कायदा आणि नियम ठरवतात.

दिवसाच्या विजेसाठी राज्यात मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना आहे. सुरुवात २०१७ ची, २.० आवृत्ती २०२३ ची. कल्पना सोपी: सबस्टेशनच्या जवळ छोटा प्रकल्प उभारायचा आणि शेतीचा फीडर दिवसा त्याच्यावर चालवायचा. खाजगी जमीन घेतली तर हेक्टरी वर्षाला सव्वा लाख भाडं. सरकारी जमिनीला मात्र प्राधान्य आहे, आणि गावात सरकारी जमीन म्हटली की बऱ्याचदा ते गायरानच निघतं. एका मेगावॉटला साधारण चार एकर लागतात. पाच मेगावॉट म्हणजे वीस एकर. ज्याला स्वतःचं शेत आहे त्याला दिवसा वीज मिळेल. ज्याच्याकडे फक्त दहा शेळ्या आहेत, त्याला काय?

आता शहरात या. छतावर एका किलोवॉटला ढोबळमानाने शंभर चौरस फूट लागतात आणि दिवसाला सरासरी चार युनिट मिळतात. अंबड किंवा सातपूरच्या एमआयडीसीत वीस हजार चौरस फुटांचं शेड धरा. त्यावर दोनशे किलोवॉट बसतील. अशी पंचवीस शेड म्हणजे पाच मेगावॉट, आणि एक इंचही जमीन नाही. (सगळी शेड चालत नाहीत हं. जुन्या सिमेंटच्या पत्र्यांना वजन झेपत नाही.)

छतांसाठी नियम नाहीत असं नाही. २०२४ च्या पीएम सूर्यघर योजनेत घराला तीन किलोवॉटपर्यंत जास्तीत जास्त ७८,००० रुपये अनुदान आहे. सोसायटीच्या लिफ्ट, पंप वगैरे सामायिक वापरासाठी किलोवॉटला १८,००० रुपये. त्याच वर्षी केंद्राच्या वीज ग्राहक हक्क नियमांत दुरुस्ती झाली: दहा किलोवॉटपर्यंतचा पूर्ण भरलेला अर्ज तांत्रिक तपासणीशिवाय मंजूर धरायचा. माझ्या मते अनुदानापेक्षा ही ओळ मोठी आहे, कारण फाइल अडकायची ती इथंच.

पण प्रोत्साहन वेगळं आणि सक्ती वेगळी. राज्याच्या २०२० च्या एकत्रित बांधकाम नियमावलीत काही मोठ्या इमारतींसाठी सोलर वॉटर हीटर किंवा छतावरचे पॅनेल अशी तरतूद आहे. त्या 'किंवा'कडे नीट बघा. बिल्डर पाणी तापवायच्या नळ्या बसवतो आणि मोकळा होतो. चंडीगडने २०१६ मध्येच पाचशे चौरस यार्ड आणि त्याहून मोठ्या भूखंडांना छतावर पॅनेल सक्तीचे केले. फ्रान्सने २०२३ च्या कायद्यात पंधराशे चौरस मीटरपेक्षा मोठ्या पार्किंगला, काही अपवाद सोडून, अर्ध्या जागेवर सौर छप्पर घालायला सांगितलं. आपल्याकडच्या मॉलबाहेर उन्हात भाजणाऱ्या गाड्या आठवा.

तरी कायदा आला म्हणून गच्ची मिळते असं नाही. आमच्या पाथर्डी फाट्याच्या सोसायटीत मी दहा किलोवॉटचा प्रस्ताव मांडला. अनुदान १ लाख ८० हजार, महिन्याला बाराशेच्या आसपास युनिट, लिफ्ट-पंपाचं बिल जवळजवळ निघून जाईल. स्लाइड्स बनवून गेलो होतो! पहिला प्रश्न आला वरच्या मजल्यावरच्या काकूंचा, "उन्हाळ्यात कुरडया कुठं घालू?" दुसरा, गळती झाली तर जबाबदार कोण? मला आधी हसू आलं, मग लाज वाटली. हा मामाचाच प्रश्न होता. सामायिक जागा, आणि तिचा रोज वापर करणारं माणूस वेगळं. फरक इतकाच की काकूंना सोसायटीच्या मीटिंगमध्ये मत आहे, म्हणून आम्ही आठ फूट उंच सांगाड्याचं कोटेशन मागवलं. खाली कुरडया, वर पॅनेल.

आता राहिली शेताजवळची जागा. शेतीच्या फीडरला प्रकल्प जवळच लागतो, अंबडचं छत तिथं कामाचं नाही. पण जवळची म्हणजे हिरवीच का? आपल्या जिल्ह्यात सारुळसारख्या दगडखाणी आहेत, गावोगावी मुरूम काढून सोडलेले खड्डे आहेत, एकलहऱ्याच्या औष्णिक केंद्राची राख साठवलेली जमीन आहे. तिथं चाराही नाही आणि पीकही नाही. जर्मनीने २०१० मध्ये सुपीक शेतावरच्या नव्या प्रकल्पांचा हमीदर बंद केला. जुन्या लष्करी आणि औद्योगिक जागा, महामार्गालगतच्या पट्ट्या यांना तो चालू ठेवला. म्हणजे बंदी कुणावरच नाही, फक्त पैसा खराब जमिनीकडे वळवला.

हे फुकटात होत नाही, तेही सांगतो. खाणीत सपाटीकरण लागतं, पाण्याचा निचरा लागतो, राखेच्या भरावावर पाया वेगळा घ्यावा लागतो. निविदेत सगळ्यात कमी दर जिंकत असेल, तर कंपनी सपाट गायरानच मागणार. त्यामुळे हा जास्तीचा खर्च दरात धरायची सोय नियमातच हवी. शिवाय सातबाऱ्यावर 'गायरान' एवढंच असतं. त्या गटात खाण किती आणि चारा किती, ते जागेवर गेल्याशिवाय कळत नाही.

मामाच्या गायरानाच्या एका टोकाला मुरमाचा जुना खड्डा आहे. लहानपणी आम्ही त्यात क्रिकेट खेळायचो. मामा म्हणतो सात-आठ एकर भरेल. मी त्याला सांगितलंय, मोबाइलवर फोटो काढ, गट नंबर लिही आणि येत्या ग्रामसभेत लेखी अर्ज दे: आधी खड्डा मोजा, मग बाकीचं बोलू. अर्जाचा मसुदा मी टाइप करून पाठवलाय. ग्रामसभा झाली की काय ठरलं ते पुढच्या एखाद्या एपिसोडमध्ये सांगतो. तुमच्या गावात अशी मोजणी झाली असेल तर व्हॉइस नोट पाठवा.