धक्का सोडण्याआधी

18 डिसेंबर 2024 रोजी गेटवेहून घारापुरीला निघालेल्या ‘नीलकमल’ लाँचवर इंजिनाची चाचणी घेणारी नौदलाची स्पीडबोट आदळली. पंधरा जणांचा जीव गेला. त्यांत नाशिक जिल्ह्यातले प्रवासीही होते. आदळली ती स्पीडबोट, लाँच नव्हे. पण लाँचचा परवाना 84 प्रवाशांचा आणि वर माणसं शंभराच्या पुढे, हे बाहेर आलं आणि प्रश्न लाँचवाल्यांपर्यंतही पोचला.

परवान्यातला हा आकडा वाऱ्यावरचा नसतो. 2021 च्या अंतर्देशीय जलयान कायद्याप्रमाणे बोटीची नोंदणी, तपासणी आणि विमा मालकाने करून घ्यायचा असतो. तपासणीत ठरलेल्या संख्येपेक्षा जास्त माणसं घेता येत नाहीत. लाइफ जॅकेटांचंही तसंच. बाकाखाली दोरीने करकचून बांधलेली जॅकेटं मोजताना भरतात, बुडताना हाती लागत नाहीत.

मोठ्या जहाजांसाठी 1958 चा व्यापारी नौवहन कायदा होता. 2025 मध्ये संसदेने त्याच्या जागी नवा कायदा केला. जुन्या कायद्यातली एक तरतूद मालकाला चांगलीच अडचणीत आणणारी होती. जीव धोक्यात येईल असं जहाज समुद्रात पाठवणं हा गुन्हा, आणि आपण सगळी वाजवी काळजी घेतली होती हे मालकानेच सिद्ध करायचं. खलाशाच्या करारातही अशी काळजी घेण्याची हमी गृहीत धरलेली, कागदावर लिहिलेली असो वा नसो.

हे शहाणपण स्वस्तात आलेलं नाही. ब्रिटनमध्ये खासदार सॅम्युएल प्लिम्सॉल यांनी वाजवीपेक्षा जास्त माल लादणाऱ्या मालकांशी भांडून 1876 मध्ये जहाजावर भाररेषा सक्तीची करून घेतली. आपल्याकडे 17 जुलै 1947 ला, भर पावसात, भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली ‘रामदास’ काशाच्या खडकाजवळ उलटली. गटारी अमावास्येला गावी निघालेले चाकरमानी तिच्यावर होते. सहाशेहून अधिक माणसं बुडाली. बोटीवर वायरलेस नव्हता, म्हणून मुंबईला कित्येक तास पत्ताच लागला नाही. मदतीला धावले ते रेवसचे कोळी. आज पावसाळ्यात गेटवे-मांडवा लाँच बंद असतात, तेव्हा कुरकुरणाऱ्यांनी हे आठवायला हरकत नाही.

नाशिकला समुद्र नाही, पण गंगापूर धरणावर बोट क्लब आहे. 2021 च्या कायद्यात नद्या, तलाव आणि जलाशयही येतात. त्यामुळे तिथल्या यांत्रिक बोटीत चढतानाही किती माणसांचा परवाना आहे, हे विचारता येतं.